चुकलं न म्हणणारा फळा

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चितेगाव ओलांडून पैठण रोडवरून आत वळलं की ही चौथीपर्यंतची शाळा लागते. एरवी पालकसभेला पाच-सहा माणसं यायची, त्यातली दोन चुकून. आज मात्र कंपनीतली पहिली पाळी बुडवून बाप आले होते. तिसरीच्या वर्गात बसवलेला नवा डिजिटल फळा मुलांना तीन आठवड्यांत वाचायला शिकवतो, अशी बातमी आसपासच्या चार गावांत पोचली होती.

फळ्याला झेंडूचा हार घातला होता. कुणीतरी कुंकू लावलं होतं, ते काचेवरून ओघळून 'स्वागत' या अक्षरांवर आलं होतं. एका आईनं आपलं न बोलणारं लेकरू उचललं, त्याचा हात काचेला लावला आणि तोच हात त्याच्या जिभेला लावला.

फळा विकणाऱ्या कंपनीचे हिमांशू सर कोट घालून, माइक धरून उभे होते.

"हा फळा नाही, गुरू आहे. मुलाच्या बोटातून त्याच्या मेंदूची लहर ओढतो. झोपलेली बुद्धी जागी करतो. आमच्या फळ्यासमोर मूल चुकूच शकत नाही. चुकून दाखवा, म्हणतो मी."

त्यांच्या सगळ्या बोलण्यात शेवटचं तेवढं खरं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रत्येक मुलाजवळ त्याच्या नावाची, चार बटणांची एक चपटी डबी होती. फळ्यावर चित्र आणि प्रश्न यायचा, मूल बटण दाबायचं, की त्याचं नाव हिरवं व्हायचं आणि आतून एक गोड बाई म्हणायची, "शाब्बास, झेबा." वर्गातली सव्वीसच्या सव्वीस मुलं हिरवी झाली. झेबाचे वडील करीमभाई डोळे पुसत होते.

मग हेडमास्तर श्रीधर सर पुढे झाले. "सगळीच मुलं वाचती झाली म्हटल्यावर शाळा सुटल्यानंतरचा वाचनाचा तास सोमवारपासून बंद. पुढच्या शनिवारी तुमच्यासमोर तसं लिहून सही करू, म्हणजे तो कायमचा बंद होईल."

टाळ्या पडल्या. दाराशी उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंचे हात मात्र पदरातच राहिले.

मनकर्णाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या, वर्ग झाडायच्या. अंगठा सोडून सही करायला शिकल्या त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, याच वाचनाच्या तासाला. महेजबीन मॅडम कच्च्या मुलांना घेऊन व्हरांड्यात बसायच्या. भांडी घासून झाली की मनकर्णाबाई हात पुसत सतरंजीच्या टोकाला टेकायच्या, झेबाच्या शेजारी. दोघींचं एकच पुस्तक. घरी बोलायला भिंती होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक बजाजनगरला; रविवारी फोन करायचा तोही जेवता जेवता, म्हणजे त्याचं चावणंच जास्त ऐकू यायचं. अख्ख्या दिवसात त्यांना कुणी शेजारी बसवून घेत असेल, तर तो एवढाच तास होता.

सोमवारी भांडी घासून त्या सवयीनं व्हरांड्यात आल्या. सतरंजी गुंडाळून ठेवलेली. झेबा दप्तर घेऊन निघाली होती.

"बसायचं नाय व्हय?"

"मावशी, मी हिरवी झाले. आता काय काम?"

"बरं, एवढं एक वाचून जा." मनकर्णाबाईंनी पुस्तकातल्या चित्राखाली बोट ठेवलं. चित्रात डांबरी रस्ता होता आणि खाली 'रस्ता' असं लिहिलं होतं.

झेबानं नजर टाकली. "सडक," म्हणाली आणि पळाली.

मनकर्णाबाई त्या शब्दाकडे बघत बसल्या. पोरीनं अक्षर बघितलंच नव्हतं. चित्र बघून घरातला शब्द सांगितला होता. त्यांना स्वतःचं आठवलं. वाचता येत नव्हतं तेव्हा त्या पैठणची गाडी पुढच्या काचेवरच्या हारावरून ओळखायच्या. एकदा तसाच हार जालन्याच्या गाडीला होता. चिकलठाण्याला उतरून भर उन्हात रडत बसल्या होत्या.

गुरुवारी वर्ग झाडताना डब्या पुसायच्या होत्या. फळा कुणीतरी चालूच ठेवला होता. त्यांनी ओलं फडकं एका डबीवरून फिरवलं.

"शाब्बास, फरहान."

मनकर्णाबाई दचकून मागे वळल्या. वर्ग रिकामा होता. फरहान तर पंधरा दिवसांपूर्वीच शाळा सोडून गेला होता. पाय दाराकडे वळले. पण त्या थांबल्या. परत येऊन त्यांनी परत फडकं फिरवलं.

"शाब्बास, फरहान."

मग डोळे मिटून एक बटण दाबलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी शाब्बास. त्या रिकाम्या वर्गात एका यंत्राकडून त्यांना आयुष्यभरात मिळाली नव्हती एवढी शाबासकी मिळाली, आणि का कोण जाणे, त्यांना फार एकटं वाटलं.

त्या थेट महेजबीन मॅडमकडे गेल्या.

"मॅडम, तुम्ही मला किती डाव म्हणला असाल, चुकलं मावशी, परत बघा?"

मॅडम हसल्या. "मोजलं नाही. लई वेळा."

"ह्यो फळा तीन हप्त्यांत कुणाला एकदा तरी चुकलं म्हणला का?"

मॅडमचं हसू थांबलं. "एकदाही नाही," त्या म्हणाल्या.

शनिवारी पुन्हा तीच गर्दी. टेबलावर सहीचा कागद. हिमांशू सरांनी पुन्हा आव्हान दिलं, "चुकून दाखवा."

"मी दाखवते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"या मावशी, या. आमचा फळा वय बघत नाही."

"मी नाय बसत. माझ्या बदली ह्यो बसंल." त्यांनी पिशवीतून स्वयंपाकखोलीतला दगडी वरवंटा काढला आणि फरहानच्या डबीवर उभा केला.

"शाब्बास, फरहान," फळा म्हणाला.

"अगं बया, फरहान तर गेला की बजाजनगरला," गर्दीतली वच्छलाबाई मागून म्हणाली. "वरवंटा तिसरी पास झाला म्हणायचा."

पोरं खिदळली. हिमांशू सरांनी कपाळ पुसलं. "तांत्रिक बाब आहे. मुलाची ऊर्जा डबीत राहिली असणार."

"दगडाची बी लहर ओढतो म्हणा की मंग."

तोवर महेजबीन मॅडम फळ्याच्या सेटिंगमध्ये शिरल्या होत्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली: "नमुना प्रकार चालू. कोणतेही बटण बरोबर धरले जाईल." दुकानात गिऱ्हाइकाला दाखवताना कुणाची फजिती होऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. तीच शाळेत चालू ठेवली होती. मुलं किती शिकली हे फळा मोजतच नव्हता. बटण किती वेळा दाबलं तेवढं मोजत होता.

मॅडमनी तो प्रकार बंद केला, चित्रं काढून टाकली, नुसते शब्द ठेवले आणि मुलांना पुन्हा बसवलं. नऊ नावं हिरवी झाली. बाकीची लाल.

"चुकलं, झेबा," गोड बाई म्हणाली.

करीमभाई उठले. "खाला, मेरी बच्ची हरी थी. तुम्ही लाल केली."

"मी नाय केली, बाबा. होतीच ती लाल. आता दिसली."

त्यांनी झेबाचा हात धरला आणि ते निघून गेले. हिमांशू सर कधी गेले ते कळलंच नाही. श्रीधर सरांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. लोक मनकर्णाबाईंच्या बाजूनं वाट काढत बाहेर पडले; कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. वरवंटा पिशवीत घालून त्या एकट्याच घरी गेल्या.

फळा वाईट नाही, तो शाळेत आहे आणि राहावा. त्याच्यावर पृथ्वी फिरताना दिसते, ती खडूनं दाखवता येत नाही. पण त्याचा हार काढा, कुंकू पुसा आणि त्याला तपासा. महिन्यातून एकदा मुलाच्या हाती कधी न बघितलेलं पुस्तक द्या, शेजारी बसा आणि कान देऊन ऐका. जो प्रत्येकाला शाब्बास म्हणतो, मग तो बाबा असो की यंत्र, त्याला एकदा तरी दगड देऊन बघा.

सोमवारी तास पुन्हा सुरू झाला. चार मुलं आली, झेबा नव्हती. मंगळवारीही नव्हती. मनकर्णाबाई सतरंजीच्या टोकाला बसून एकट्याच पुस्तक वाचत राहिल्या.

बुधवारी झेबा आली. हातभर अंतर ठेवून बसली. मनकर्णाबाईंनी पुस्तक मधे सरकवलं आणि तळहातानं चित्र झाकलं.

"र," झेबा म्हणाली. "रस... रसता."

"चुकलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जोडाक्षर हाय ते. परत बघ."

नीट दिसावं म्हणून झेबा जवळ सरकली.