भोक कोणत्या बाजूला?

सकाळी साडेदहा वाजता प्रयोगशाळेतली मोजणी थांबली. मित्रांनो, तेव्हा मी बशीतल्या खारट पाण्यात होतो. मी एक जुना कुंचला आहे.

मला बांधलं होतं चित्रांसाठी, पण रंग काही माझ्या वाट्याला आला नाही. उंदराच्या मस्तिष्कस्तंभाचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे, केसाहून पातळ काप पाण्यातून उचलून काचपट्टीवर पसरायचे, हे माझं काम. केस विरळ झाले, दांड्याचा रंग उडाला, तरी ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाई दुसऱ्या कुंचल्याला हात लावत नाहीत. मी सुखात आहे.

बाईंनी एका प्रश्नापायी कित्येक वर्षं घातली आहेत. पिल्लाच्या एका गालातली मिशांची नस जन्मताच दुखावली, तर देठात त्या बाजूला न्यूरोपेप्टाइडचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप झेलणाऱ्या जागा, वाढतात का? आजवरच्या कापांतली मोजणी ‘हो’ म्हणत होती. प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्या ताईने कापलेले तीन मेंदू मात्र नेमकं उलट सांगू लागले. बाईंचा चेहरा उतरला.

पाण्यात काप उलटला की डावं-उजवं कळत नाही. म्हणून कापण्याआधीच मेंदूच्या एका बाजूला सुईने भोक पाडतात.

“भोक कुठल्या बाजूला पाडलंस गं?” बाईंनी विचारलं.

“जखमेच्या. सगळीकडे तसंच पाडतात ना?”

“सगळीकडे म्हणजे तुझ्या माहेरी!” माहेर म्हणजे ताईची आधीची प्रयोगशाळा. “इथे धडधाकट बाजूला पाडतात, बाई माझे!”

ताईने जीभ चावली. मग तिचा चेहरा खुलला. “म्हणजे बाजू बदलली की सगळं जुळतंय!”

“जुळतंय म्हणून खरं मानायचं? उद्या मला हवं तेच जुळवत बसशील. बरण्या काढ.”

बरण्यांत त्या तिन्ही उंदरांचे गाल राखून ठेवले आहेत. भोक डावीकडे की उजवीकडे, ते ताईच्या वहीत आहे; कुठली नस दुखावली होती, ते गालावरच्या व्रणावरून कळतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. काम झालं की मला धुवा, टोक बोटांनी सारखं करा आणि आडवं ठेवा. आणि नव्या जागी गेलात की तिथली रीत आधी विचारून घ्या. त्यात कमीपणा नाही.

दुपारी पहिली बरणी उघडली. व्रण भोकाच्याच बाजूला निघाला. ताई हसली, बाई हसल्या नाहीत. दोन बरण्या अजून बंद आहेत.