हरवलं त्यानं हलायचं नाही

सकाळी साडेसहाला अमरावतीच्या भाजीबाजारात वामनराव वांग्याचं कॅरेट खांद्यावरून उतरवत होते, तेव्हा अमेरिकेतून लेकीचा फोन आला.

"बाबा, आईचं विमान रद्द झालं."

वामनरावांनी कॅरेट तिथंच टेकवलं. "कोणतं इमान? ती त काल सकाळीच मुंबईहून..."

"ते उतरलं बाबा. न्यूयॉर्कजवळ उतरलं. तिथून आमच्याकडं यायचं दुसरं विमान होतं, ते रद्द झालं. आता आई सापडून नाही राहिली."

रागिणीला नववा महिना लागलेला. तिच्या बाळंतपणासाठी माणिकबाई, वय एकसष्ट, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. इंग्रजी येत नाही, हिंदी येते ती बाजारापुरती. फोनमधलं कार्ड तिथं चालत नव्हतं. तिथल्या संध्याकाळी कोण्या गुजराती बाईच्या फोनवरून त्या लेकीशी बोलल्या, 'सत्तर नंबरच्या गेटावर बसली हावो' एवढं सांगितलं. ती गुजराती बाई आपल्या विमानानं निघून गेली. दोन तासांनी माणिकबाईंचं विमान रद्द झालं.

"काहून रद्द झालं? पाऊस हाये का?"

"नाही. सरकार बंद आहे इकडं."

"सरकार कसं बंद राहीन? सरकार का दुकान हाये?"

"बाबा, बजेट पास नाही झालं. महिन्याच्या वर झालं. विमान उतरवणाऱ्या लोकांना पगार नाही, माणसं कमी आहेत, म्हणून आजपासून विमानं कमी केली." रागिणीचा श्वास लागत होता. "कंपनीवाले म्हणतात गेटवर कोणीच नाही, सगळ्यांना हॉटेलात पाठवलं. हॉटेलच्या यादीत आईचं नाव नाही. कोणत्याच यादीत नाही. मनोज गाडी घेऊन निघाले, आठ-नऊ तास लागतील. मी फोन ठेवते, लाईन मोकळी पाहिजे."

म्हणजे पोट घेऊन लेक घरात एकटी, जावई रात्रीच्या रस्त्यावर, आणि बायको कोणत्याच यादीत नाही.

वांगी कोणी उचलली, काय भावानं गेली, वामनरावांनी पाहिलं नाही. कपाळाला घाम आला तो त्यांनी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुडीनंच पुसला. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. विमान उतरवणाऱ्यांना पगार नाही.

बिनपगारी माणूस काय करतो हे वामनरावांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या गावात नळाचा व्हॉल्व्ह फिरवायला बुधाजी होता. बुधाजी म्हणजे देवमाणूस. पहाटे पाचला पाणी म्हणजे पाचला. पंचायतीत दोन पार्ट्यांचं भांडण लागलं, कागदावर सही होईना, बुधाजीचा पगार पाच महिने अडकला. पाच महिने तो बोलला नाही. एका पहाटे त्यानं व्हॉल्व्हची किल्ली विहिरीत टाकली आणि धामणगावला पोरीकडं निघून गेला. दहा दिवस गाव कोरडं. ज्यांच्या भांडणापायी हे झालं त्या दोघांच्या घरी मात्र स्वतःच्या बोअरिंगा होत्या.

आणि इथं तर आभाळातली माणसं.

घरी जाऊन काय करायचं होतं? भिंतीकडं पाहत बसायचं? रागिणीला फोन लावायची सोय नव्हती. वामनरावांनी अकोल्याची एसटी धरली. अकोल्याला त्यांच्या बहिणीची मुलगी साधना होती. स्पर्धा परीक्षेच्या क्लासात राज्यव्यवस्था शिकवायची. तिला इंग्रजी यायचं आणि सरकार कशाला म्हणतात तेही ठाऊक होतं. आपल्याला तर मेलं कोणतं सरकार बंद झालं न् कोणाच्या बापानं केलं हेही ठाऊक नाही, असं पुटपुटत ते खिडकीला डोकं टेकून बसले.

अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी पाय ठेवला. आपण काय करून ठेवलं ते त्यांना तिथं कळलं.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच स्टँडवर माणिकबाई हरवल्या होत्या. लग्नाहून परतत होते, तीन वर्षांची रागिणी आईच्या कडेवर. वामनराव गाडीची चौकशी करायला गेले, आले तर बायको नाही. हे फलाटावर तर ती पाणपोईकडं, ती चौकशीच्या खिडकीवर तर हे रसवंतीवर. चार तास दोघं एकमेकांच्या मागं गोल गोल फिरले. शेवटी ओळखीच्या कंडक्टरनं दोघांना धरून समोरासमोर उभं केलं. त्या दिवशी वामनरावांनी घरात कायदा केला: हरवलं त्यानं हलायचं नाही. जिथं शेवटचं होतं तिथंच बसायचं. शोधणारा येतो. जत्रेत, बाजारात, नागपूरच्या दवाखान्यात, तो कायदा कधी मोडला नाही.

आणि परवा नागपूरच्या विमानतळावर निरोप देताना त्यांनी तोच पुन्हा कानात सांगितला होता. "जिथं बसवलं तिथं बसजो. कोणीबी उठवू दे, उठू नोको. आपला माणूस येते."

ती हॉटेलात गेली नव्हती. ती सत्तर नंबरच्या गेटावरच असणार. कंपनीवाला न पाहताच बोलला होता. किंवा पाहिलं होतं आणि ती तिथं नव्हती, कोणीतरी तिला धरून उठवलं होतं. दुसरा विचार आला तसे ते क्लासकडं भराभर चालू लागले.

साधनाचा तास चालू होता. तिनं दारात मामा पाहिला, चेहरा पाहिला, आणि बाहेर आली. ऐकून घेतलं. लगेच मनोजला फोन लावला, गेटाचं सांगितलं. मनोज म्हणाला, पोचायला अजून पाच तास. कंपनीचा फोन लागत नाही, नुसतं गाणं वाजतं.

"मामा, बसा. आता मनोजराव पोचेपर्यंत आपल्या हातात काही नाही."

"मी बाहेर नाई बसत. मले एकट्याले भेव लागते."

पासष्ट वर्षांचा माणूस असं बोलला आणि साधनानं त्यांना वर्गातच शेवटच्या बाकावर बसवलं. फळ्यावर विषय तोच होता. चालू घडामोडीत सध्या सगळीकडं तोच होता.

"तर बजेट पास नाही झालं तर काय?" साधना शिकवू लागली. समोर साठ मुलं होती. "आपल्याकडं लोकसभेनं बजेट पाडलं म्हणजे सरकारवर विश्वास राहिला नाही. सरकारला घरी जावं लागते. निवडणुका तोंडावर असल्या तर लेखानुदान घेतात, चार महिने काम चालते. स्पेनमध्ये? नवं पास नाही झालं, जुनं चालू. मागच्या वर्षीचंच अंथरूण यंदा. बेल्जियममध्ये तर दीड वर्ष सरकारच बनलं नव्हतं, दर महिन्याला बाराव्या हिश्शानं खर्च केला. कोणाचा दिवा विझला नाही."

"अन् अमेरिकेत मॅडम?"

"तिथं मंजुरी नाही तर खर्च नाही. कचेऱ्या बंद. पण ज्यांच्यावाचून जीव जाईल, म्हणजे विमानं उतरवणारे, विमानतळावर तपासणी करणारे, त्यांनी कामावर यायचंच. पगार नंतर."

"अन् खासदारांचा पगार?" समोरच्या बाकावरच्या संघपालनं विचारलं.

"तो चालू राहते. घटनेतच लिहून आहे."

"म्हंजे जागल्या उपाशी अन् पाटील पंगतीत!"

वर्ग हसला. वामनराव हसले नाहीत. त्यांनी शाळेत शिक्षकांपुढं करायचे तसा हात वर केला.

"पोरी, एक सांग. आपल्याकडं ज्यानं बिघडवलं तो घरी जाते. त्या दुसऱ्या देशात कोणीच घरी जात नाई. अन् या अमेरिकेत, ज्याचा काई गुन्हा नाई त्याच्या पोटावर पाय. मंग त्या पोटावर पाय पडलेल्या माणसानं माह्या बायकोले काहून पाहावं? त्याचं काय अडलं?"

साठ पोरं मागं वळून पाहू लागली.  हा प्रश्न कोणत्याच पुस्तकात नव्हता, आणि परीक्षेत तो कोणी विचारणारही नव्हतं.

तास संपला. पोरं गेली. कोणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. वामनराव घड्याळ बघत नव्हते, साधनाच्या फोनकडं बघत होते.

साडेतीनला मनोजचा फोन आला. तिथं पहाटेचे पाच. तो विमानतळावर पोचला होता, पण आत जाता येत नव्हतं. तिकीट नसलेल्या माणसाला तपासणीच्या पुढं सोडत नाहीत. कंपनीच्या खिडकीवर चिटपाखरू नाही. तपासणीवरच्या एका बाईची रात्रपाळी संपली होती. तिला त्यानं हात जोडले.

"बाबा, ती म्हणते, मी घरी जाता जाता बघून येते. मी माझा फोन तिच्याजवळ देतो, व्हिडिओ चालू ठेवून. आई असल्या तर तुम्हीच बोला. मी सांगून उपयोग नाही."

मग पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं. लांबच लांब छत. मग चकचकीत फरशी, निळ्या हातमोज्यातली बोटं, रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी. खुर्च्या, खुर्च्या, खुर्च्या. एवढ्या मोठ्या जागेत एक माणूस नाही. वामनरावांनी साधनाचं मनगट धरलं ते तिला दुखेपर्यंत.

एका खुर्चीत गाठोड्यासारखं काही होतं.

कानाला रुमाल, साडीवर स्वेटर, पिशवीचा बंद पदराला गाठ मारून बांधलेला. डोळे टक्क उघडे.

"अवं!" वामनराव ओरडले. "अवं माणिक!"

माणिकबाई फोनकडं न पाहता आजूबाजूला पाहू लागल्या. मग पडद्यात नवरा दिसला.

"तुमी? कोठून बोलून राहिले?"

"अकोल्याहून."

"अकोल्याले काहून गेले? वांगे कोणं तोडले?"

"वांगे गेले खड्ड्यात! ऊठ. त्या बाईच्या संगं जाय. बाहेर जावईबुवा उभे हायेत."

"मी नाई उठत."

"काहून?"

"तुमीच सांगतलं ना! रातभर लोकं उठवाले आले. एकजण यंत्रानं फरशी पुसत आला, मी पाय वर घेतले पण उठली नाई. कोणी सुटाबुटातला हातवारे करून काई सांगे, मी मान खाली घातली. पाणी नाई पिली, मोरीले उठा लागन म्हणून. अन् आता म्हणता ऊठ?"

ओठ सुकून पांढरे पडले होते. रात्रभर. वामनरावांच्या एका वाक्यापायी.

"मीच सांगून राहिलो ना. हल तिथून."

"अन् पुन्हा चुकली त?"

 सत्तावीस वर्षं ज्या कायद्यानं घर बांधून ठेवलं तो वामनराव आपल्या तोंडानं मोडत होते, आणि त्याच्या जागी द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"चुकली त जिथं चुकशीन तिथं बस," ते म्हणाले.  "पण आता हल वं माय. हल."

माणिकबाईंनी खुर्चीचा हात धरला, अर्ध्या उठल्या, आणि चित्र थिजलं. मग काळं झालं. साधनानं पुन्हा लावला. बंद. मनोजचा फोन त्या बाईजवळ, म्हणजे मनोजलाही विचारता येईना. रागिणीला विचारावं तर तिला काहीच ठाऊक नाही, आणि या अवस्थेत तिला काय सांगणार?

आतापर्यंत ती निदान एका जागी होती. आता ती चालत होती. कुठं, कोणासोबत, कोणत्या दारानं? त्या हातमोज्यावाल्या बाईला महिनाभर पगार नाही. पाळी संपलेली. घरी तिचीही लेकरं असतील. एवढीशी पायपीट केली तेच फार. तिनं वाटेत बोट दाखवून 'जा तिकडं' म्हटलं असेल तर?

चारची दुसरी बॅच आली. साधना म्हणाली, "मामा, घरी चला. तिथं पडा जरा."

"मी इथून उठत नाई."

"मामा..."

"नाई म्हणजे नाई. शेवटचं बोलणं इथं झालं."

 साधनानं फोन त्यांच्यासमोर बाकावर ठेवला आणि ती फळ्याकडं गेली. पोरं दाटीवाटीनं बसली, म्हाताऱ्याची जागा सोडून. तिनं स्पेन सांगितला, बेल्जियम सांगितला. वामनरावांना तहान लागली होती. पाण्याची बाटली समोर होती. त्यांनी हात लावला नाही.

पाऊण तासानं फोन वाजला. अनोळखी मोठा नंबर. साधनानं वाक्य अर्ध्यात सोडून धाव घेतली.

"बाबा, आई गाडीत बसल्या," मनोज म्हणाला. "माझ्या फोनची बॅटरी गेली होती. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतो. त्या बाईनं आधी आईंना बाथरूमला नेलं, पाणी पाजलं, मग सावकाश हाताला धरून आणलं. रागिणीशी बोललो, ती ठीक आहे."

मागून माणिकबाईंचा आवाज आला. "मी तिले डिंकाचे लाडू देले हो! घेतच नव्हती, नियम हाये म्हणे. तिच्या कोटाच्या खिशात कोंबले चार. जावईबुवा म्हणते तिले अडतीस दिवस झाले पगार नाई. कोणता मुडदा अडवते वं असा बाईमाणसाचा पगार?"

फोन बंद झाला. पोरांना काय झालं ते पुरतं कळलं नव्हतं, तरी कोणीतरी टाळी वाजवली. वामनरावांनी उठायला बाकावर हात टेकले.  मग परत बसले आणि समोरची पाण्याची बाटली तोंडाला लावली.

लोक म्हणतील, बघा, माणुसकी अजून आहे. वामनरावांच्या डोक्यात ते आलंच नाही. त्यांना बुधाजी आठवत होता. बुधाजीही हाताला धरून म्हाताऱ्यांना पाणी देणाराच होता. त्यानं पाच महिने दम धरला. या बाईचे अडतीसच दिवस झाले होते. माणिकबाईंचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं, याच विमानतळावरून.

"पोरी," त्यांनी विचारलं, "एप्रिलात त्यांचं बजेट पास असन ना?"

जगातल्या सगळ्या देशांचं उत्तर जिच्याजवळ होतं त्या साधनानं मामाकडं पाहिलं. मग खडू उचलला आणि फळ्याकडं तोंड फिरवलं.