उसन्या हसण्याचा शीण

दिवाळीनंतरचं कोवळं ऊन कापसावर उतरलं की वेचणीच्या बायांत हशा पिकायचा, आणि सगळ्यांचं हसून होत आलं की अगदी शेवटी एक बारीक, नीट बेतलेलं हसू ऐकू यायचं. ते माझ्या बाईचं. आमच्या तांड्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आधी ती शेजारणीच्या ओठांकडे पाही, मग स्वतःचे ओठ हलवी. मला वाटे, किती अदबशीर आहे ही.

उमरखेडला सासरीही तिचं नाव झालं ते गुणाची म्हणूनच. पाहुण्यांपुढे चहा, विचारपूस, योग्य जागी ‘हो ना वं’. आणि पाहुणे फाटकाबाहेर पडले की आतल्या खोलीत खिडकी लावून, ओल्या फडक्यानं डोळे झाकून, ताप भरल्यासारखी ती पडून राही. मिक्सरच्या आवाजानंही तिच्या अंगावर काटा येई. घरच्यांनी त्याला आधी डोकेदुखी म्हटलं, नंतर नखरे. पंचेचाळिशी उलटल्यावर यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता हा शब्द उच्चारला. पुष्कळ मुली लहानपणापासून इतरांचं पाहून पाहून ती झाकत राहतात, म्हणून कुणाला दिसत नाही, असंही सांगितलं. सासू म्हणाली, “हसते, बोलते, तिले काय धाड भरली?” बाई मला फोनवर एवढंच म्हणाली, “बोलतो ना मी, पण सारं पाठ करून.” मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा, ते कळेना.

तिच्या लग्नातल्या ढावल्याची आठवण तांड्यात अजून निघते. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून जे गात रडते, तो ढावलो. बाईसारखं कुणी रडलंच नाही म्हणतात. शब्द ठरलेले, सूर ठरलेला, कुणापुढे किती थांबायचं तेही ठरलेलं. पुढे आयुष्यात इतकं सोपं तिला काही मिळालं नाही.

यंदा तिच्या लेकीचं, पूनमचं लग्न झालं. नवरीच्या आईनं रडायचं, आल्यागेल्या प्रत्येकीची मिठी सोसायची, ही रीत. आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता बाई म्हणाली, “माह्यानं नाही होत वं आता. पण नाही रडली, तं लोक पोरीले नावं ठेवतीन.”

वैशाखाचं ऊन मांडवाच्या कापडातून झिरपत होतं. डीजे थांबला. घामेजलेल्या मिठ्यांतून वाट काढत, गात गात पूनम आईपुढे आली. बाईनं सवयीनं चेहरा रडवेला करायला घेतला. पोरगी हलकेच म्हणाली, “याडी, राहू दे. तुही माया मले ठाऊक आहे.” तिनं आईला मिठी मारली नाही, पदराचं टोक तेवढं मुठीत धरलं आणि उरलेला ढावलो हातभर अंतरावरून गायला. बायका कुजबुजल्या. पोरगी गातच राहिली, आणि बाईचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यावर हसू नव्हतं, रडू नव्हतं. नुसता शीण होता, आणि तो ती लपवत नव्हती.

माणूस गेल्यावर आठवणी उरतात म्हणे. माझी बाई माझ्यासमोर बसली आहे, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या आठवणींत हसते आहे ती दुसरीच कुणी. खऱ्या बाईला आठवणीत ठेवायला मी आत्ता कुठे लागले आहे, आणि आम्हा दोघींचेही केस पिकले आहेत.