घोडीचं दूध, दिवसातून दोनदा

सगीनालींनी लेखाची पानं संपादिकेच्या टेबलावर ठेवली, टोपी काढली आणि खुर्ची ओढून बसले.

झैनागुल वाचू लागली. दुसऱ्याच परिच्छेदावर थबकली.

“आबा, हे काय? घोडीचं दूध दिवसातून दोनदाच काढतात? अहो, जनावरांचे डॉक्टर ना तुम्ही! अख्खं नारिन हसेल.”

“हसू दे. तसंच छाप.”

तीस वर्षांपूर्वी याच साप्ताहिकातल्या त्यांच्या पहिल्या लेखात हीच चूक होती. शहरात शिकून आलेला नवा डॉक्टर. त्याला वाटलं, गाय काय नि घोडी काय. पुढच्याच अंकात पत्र: ‘डॉक्टरसाहेबांनी घोडीच्या दुधाचा कुमिस प्यायलेला दिसतो, घोडी पाहिलेली दिसत नाही. दर दोन तासांनी दूध काढावं लागतं. – एक वाचक, अक-ताल.’ तेव्हापासून त्यांचा लेख आला, की आठवड्याने वाचकाचं पत्र ठरलेलं. सगीनाली घरी थयथयाट करायचे, “कोण हा टिकोजीराव?” बायको, कानिशाय, चहा ओतत म्हणायची, “असेल कुणी शहाणं माणूस.”

मग एकदा याच टेबलावर त्यांना वाचकाचं एक पत्र दिसलं. अक्षर बायकोचं! घरी जाऊन त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट पुढच्या लेखात मुद्दाम एक चूक ठेवून दिली. काय दिवस होते ते!

मार्चमध्ये कानिशाय गेली. त्यानंतर त्यांचे तीन लेख छापून आले. पत्र एकही नाही.

“आबा,” झैनागुल हळूच म्हणाली, “आता कोण लिहिणार?”

“माहीत आहे गं. तरी छाप.”

ती उठली. कपाटातून एक बंद पाकीट काढून तिने त्यांच्यापुढे ठेवलं.

“दवाखान्यात जायच्या आधी कानिशायआजी देऊन गेल्या. म्हणाल्या, म्हातारा एक दिवस परत घोडीचं दूध दोनदाच काढेल. तेव्हा दे.”

‘संपादक, तीस वर्षं झाली, डॉक्टरांची घोडी काही सुधारली नाही. आणि ते मुद्दाम चुकतात, हे मला चौथ्याच लेखात कळलं होतं. – एक वाचक, अक-ताल.’

सगीनालींनी चष्मा काढला. डोळे वाहत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग चष्मा पुसून परत लावला आणि खिशातलं पेन काढलं.

“पुढच्या अंकात जागा ठेव, पोरी. चौथ्या लेखातली चूक खरीच होती. या बाईला उत्तर द्यायला हवं.”