छत्तीस लेबलं

फरशी पुसायच्या द्रवाच्या बाटलीला नवं लेबल हवं होतं. कंपनीने ते कला महाविद्यालयाकडे मागितलं, आणि महाविद्यालयाने ते तिसऱ्या वर्षाच्या छत्तीस विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम म्हणून वाटून दिलं. खरी कंपनी, खरी बाटली, खरा ग्राहक. खोटं असं काहीच नव्हतं. मानधनही नव्हतं. त्याऐवजी अनुभव मिळणार होता, आणि निवडलेलं लेबल कंपनी छापणार होती. करणाऱ्याचं नाव मात्र नाही, कारण लेबलावर जागा कमी असते.

पहिल्याच तासाला सरांनी जुनं लेबल पडद्यावर लावलं आणि म्हणाले, "यातले दोष काढा." मागच्या बाकावरच्या एका मुलीने ते लगेच ओळखलं. ते लेबल तिच्या मावशीचं होतं. मावशी त्या कंपनीच्या कला विभागात बावीस वर्षं होती. विभाग म्हणजे मावशी, एक टेबल आणि अर्धी खिडकी.

मुलीने पाच दोष लिहिले. त्याला दहा मार्क होते.

रविवारी ती दोषांचं पान आणि स्वतःचं लेबल घेऊन मावशीकडे गेली. बातमी हळूच सांगायची, असं तिने ठरवलं होतं. मावशी स्टुलावर चढून पंखा पुसत होती.

"मावशी, तू आधी खाली उतर."

"का गं? कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझं लेबल बदलायचं काम तुझ्या कंपनीने आमच्या वर्गाला दिलंय. छत्तीस जणांना."

मावशी उतरली. "छत्तीस? मी एक दिवस रजा मागितली तर म्हणतात, माणसं कुठायत?"

"तुला कोणी बोललं नाही?"

"परवा साहेब विचारत होते, पुढे काय करायचा विचार आहे म्हणून. मला वाटलं, आपुलकी."

मावशीने दोषांचं पान वाचलं.

"अक्षरं जुनाट. रंग मळका. हं. सहावा राहिला."

"काय?"

"चित्रातल्या या बादलीची कडी एकाच बाजूला जोडलीय. बावीस वर्षांत कोणाच्या नजरेला आलं नाही. लिही, लिही, मार्क आहेत ना?"

मग तिने भाचीचं लेबल हातात घेतलं. खरं तर बघून परत द्यायचं. पण मावशीचे हात शिवशिवायला लागले.

"ही कड कोरी ठेव. चार मिलिमीटर. इथे एक टोक दुसऱ्यावर चिकटतं आणि शाईवर गोंद धरत नाही. ओला हात लागला की लेबल हातात आणि बाटली जमिनीवर."

"सर असं काही बोलले नाहीत."

"सरांनी छापखाना बाहेरून तरी बघितलाय का?"

असं तासभर चाललं. शेवटी भाची रडकुंडीला आली. "मावशी, हे निवडलं गेलं तर तुझी नोकरी जाईल!"

"ते खरंच. म्हणून काय तुला चुकीचं काढू देऊ? हे तांबडं जरा उतरव."

तेच निवडलं गेलं. साहेब म्हणाले, यात काहीतरी पक्कं आहे. काय, ते त्यांना सांगता येईना. सरांनी भाचीपुढे हक्क सोडल्याचा कागद ठेवला आणि कौतुकाने सांगितलं, "कंपनी आता कला विभागच बंद करतेय. आपलं कॉलेज आहे म्हटल्यावर!"

भाचीने सही केली नाही.

"अगं, संधी आहे!"

"सर, ती माझी मावशी आहे."

सरांनी कागद उलटून पाहिला. त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी प्रकल्पापुढे 'अपूर्ण' लिहिलं. आता दुसऱ्या एखाद्या कंपनीसाठी सगळं पुन्हा, म्हणजे सहा महिने गेले.

मावशीचा फोन आला. "डोकं ठिकाणावर आहे का? इतकं नेटकं लेबल मला स्वतःला कधी जमलं नव्हतं, आणि तू ते कचऱ्यात घातलंस?"

"पण तुझी नोकरी..."

"अगं, अजून पस्तीस आहेत त्यांच्याकडे!"

हिशेब बरोबर होता. महिनाअखेरीस साहेब दुसऱ्या क्रमांकाचं लेबल घेऊन मावशीच्या टेबलाशी आले. तिचा शेवटचा दिवस होता, आणि तिच्या शिक्क्याशिवाय छापखाना काही घेत नसे.

"जाता जाता एवढं बघून द्या. तुमची नजर म्हणजे नजर."

लेबल देखणं होतं. निळा रंग या कडेपासून त्या कडेपर्यंत. अगदी कडेपर्यंत.

"कोणी केलंय?"

"विद्यार्थ्याने." साहेब टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. "पुढच्या वर्षी या ना मुलांना चार गोष्टी सांगायला. मानधन नाही, पण तुमचा वेळ बरा जाईल."

मावशीने त्या कडेवरून बोट फिरवलं. चार मिलिमीटर कोरे करणं दोन मिनिटांचं काम होतं.

"किती छापणार?"

"दोन लाख. काही सुधारणा?"

"मुलांनी मनापासून केलंय, साहेब. आपण कशाला मध्ये पडा?"

तिने 'ठीक' असा शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर घातली, आणि लेबलाबरोबर शिक्काही साहेबांच्या हातात दिला.

"हा कंपनीचा," ती म्हणाली.