अठ्ठावन्न समीकरणांची नावं

सत्तावीस वर्षं मी गणित विभागात टायपिस्ट आहे आणि माझ्या पानावर अजून कुणाला बोट ठेवता आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी चांगलीच फजिती झाली आहे आणि वाचणाऱ्याने मला पहिल्यापासून तसलीच समजू नये.

आमच्या वेळी टाइपरायटरवर गणित उतरवणं म्हणजे अर्धं टायपिंग आणि अर्धं भरतकाम. चिन्हाची जागा मोजून मोकळी सोडायची आणि मग बारीक निबाच्या पेनाने इंटिग्रलची ती उंच, वळणदार खूण हाताने काढायची. पुढे कॉम्प्युटर आला, तरी जागा मोजणं मी सोडलं नाही. बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह, ओळीमागून ओळ, सरळ. परीक्षेच्या दिवशी दोनशे मुलं श्वास रोखून ज्या कागदाकडे बघतात, तो कागद माझा असतो. दरवर्षी मी दारातून एकदा तरी डोकावून येते. ती प्रश्न वाचत असतात आणि मी मात्र समास बघत असते.

यंदा विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. पुढच्या सत्रापासून प्रश्नपत्रिका लाटेक नावाच्या नव्या पद्धतीने करायच्या होत्या. मुलांसाठी तिचा अभ्यासक्रम आहेच, त्यात मी बसायचं आणि पास व्हायचं.

"आणि नाही झाले तर?" मी विचारलं.

"तर काम बाहेर द्यावं लागेल. तुम्हाला आवक-जावकच्या टेबलावर घेतील. तिथे त्रास कमी आहे, बाई."

त्रास कमी म्हणजे दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे. मी "बसते" म्हणाले आणि बाहेर येऊन दोन पेले पाणी प्यायले.

वर्गात चोवीस मुलं-मुली, आणि दुसऱ्या बाकावर माझी सून. ती तिथेच एम.एस्सी. करते. सासू-सून एका वर्गात, म्हणजे पोरांना फुकटची करमणूक. पहिल्या दिवशी ती सरकली आणि म्हणाली, "आई, या, इथे बसा." मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले. शिकवणारे सर माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी लहान होते, पण आवाज असा, की मागच्या बाकावरचं कुजबुजणंही थांबावं.

"इथे काय कसं दिसेल ते आपण ठरवायचं नाही," सर म्हणाले. "काय आहे ते फक्त सांगायचं. हे शीर्षक आहे, हा अपूर्णांक आहे, हे समीकरण आहे. जागा आणि नंबर यंत्र बघून घेईल."

मला हे मुळीच पटलं नाही. सुगरणीला सांगावं की तुम्ही चव बघू नका, त्यातला प्रकार. पडद्यावर एका बाजूला नुसत्या आज्ञा लिहायच्या, आणि बटण दाबल्यावर दुसऱ्या बाजूला छापल्यासारखं पान उमटायचं. उमटायचं सुरेख, ते मी नाकारत नाही. पण माझा हात ऐकेना. जिथे यंत्र माझ्या मनासारखी जागा सोडेना, तिथे जागा सोडण्याची आज्ञा मी आठ-आठ वेळा ओळीने लिहिली. समीकरणांचे नंबर तर सरळ स्वतःच टाकले. नंबर द्यायला यंत्र कशाला हवं? मला मोजता येतं.

पाचव्या आठवड्यात सरांनी माझं पान वर्गात फिरवलं. "असं दिसायला हवं," म्हणाले. मी मागे वळून सुनेकडे एकदा बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, बघितलंच.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने माझी फाइल उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हे नंबर तुम्ही हाताने टाकलेत?"

"मग काय पायाने टाकू?"

"तसं नव्हे. प्रत्येक समीकरणाला एक नाव द्यायचं, आणि मजकुरात जिथे त्याचा उल्लेख येतो तिथे ते नाव लिहायचं. मग मध्ये काही घातलं तरी नंबर आपोआप बदलतात. सरांनी फक्त छापलेलं पान बघितलंय. आतलं बघितलं तर..."

"सूनबाई, तू जन्मायच्या आधीपासून मी समीकरणं टाईप करते आहे."

तिने फाइल बंद केली. मला वाटलं, जिंकले.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने कुणाच्या तरी हस्तलिखित टिपणांची बारा पानं तयार करून आणायची होती. मी विभागप्रमुखांचीच टिपणं घेतली, अठ्ठावन्न समीकरणं. माझी पानं वर्गात सगळ्यांत देखणी होती, यात वाद नाही. मग सरांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पानाची रुंदी दोन सेंटिमीटर कमी करा. तिसऱ्या समीकरणानंतर खालील समीकरण घाला. वेळ दोन तास.'

मी रुंदी कमी केली, आणि मोजून सोडलेल्या माझ्या सगळ्या जागा कोलमडल्या. बरोबरची चिन्हं पानभर सांडली. ते राहू दे, आधी नंबर बघू, म्हटलं. एक समीकरण वाढलं म्हणजे चारचे पाच, पाचचे सहा. चारच्या जागी सगळीकडे पाच घाल, अशी एकच आज्ञा मी दिली. मग पाचच्या जागी सहा. मग सहाच्या जागी सात. नऊच्या जागी दहा घालून बघितलं, तर सात समीकरणांचा नंबर दहा झाला होता. झालं होतं असं, की चारचे जे पाच झाले होते तेही बिचारे पुढच्या पाचांबरोबर सहा झाले, आणि अशी सगळी वरात पुढे सरकत गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एव्हाना सूनबाईंनी काम संपवून फाइल जमा केली होती. ती काचेच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली, दाराकडे पाठ करून. माझी फजिती आपल्याला दिसू नये म्हणून. त्या क्षणी मला ती फार आवडली, आणि स्वतःची तितकीच लाज वाटली.

सव्वा तास उरला होता. मी सगळे नंबर पुसून टाकले. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून इतकं पुसलं गेलं नव्हतं. मग टिपणं शेजारी ठेवली आणि एकेकाला नावं द्यायला लागले. नाव द्यायचं तर बघावं लागतं की हे आहे कोण. जे सगळ्यांत आधी येतं आणि सारखं लागतं ते 'पाया'. जे त्याच्या उलट सांगतं ते 'उलट'. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं ते 'लांबडं'. हात सुटला, तशी गंमत वाटायला लागली. कोण कुणाच्या आधाराने उभं आहे हे मला पहिल्यांदाच दिसत होतं.

आणि सतराव्यापाशी, म्हणजे त्या 'लांबडं'पाशीच, अडले. टिपणांत वाक्य होतं, '(९) आणि (१७) वरून पुढील समीकरण मिळते', आणि पुढचं समीकरण सतरावंच होतं. आकडा असताना मी ते मुकाट्याने उतरवलं होतं. पण आता मला लिहावं लागत होतं की 'लांबडं'वरून 'लांबडं' मिळतं.

मी हात वर केला. "सर, एखादी गोष्ट स्वतःवरूनच मिळू शकते का?"

मागे कुणीतरी फिसकलं. सर आले, वाकले, टिपणं बघितली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पुन्हा बघितली.

"तुम्ही पुढचं करा," ते हळूच म्हणाले. "इथलं नाव रिकामं ठेवा."

मी पुढचं केलं. वेळ संपली तेव्हा नंबर सगळे जागच्या जागी आले होते. शेवटची दोन पानं तिरकीच राहिली. सतराव्याच्या वाक्यात नाव रिकामं होतं, तिथे यंत्राने दोन प्रश्नचिन्हं छापली होती.

निकाल लागला. मला एकसष्ट, सूनबाईला ब्याण्णव. पास व्हायला पन्नास पुरत होते. मी तिला म्हणाले, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं." हे वाक्य माझ्या तोंडून घरात फारसं निघत नाही, म्हणून मुलगा ताटावरून वर बघायला लागला.

"आई, ती सतराव्याची सिद्धता मी गेल्या वर्षी परीक्षेत जशीच्या तशी लिहिली होती," ती म्हणाली. "पंधरापैकी चौदा मिळाले. मला नाही दिसलं. कुणालाच नाही दिसलं."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख स्वतः माझ्या टेबलाशी आले. नेहमी ते शिपायाकडून निरोप धाडतात.

"अकरा," ते म्हणाले. "तिथे अकरावं समीकरण हवं होतं. नऊ वर्षं मी ते तसंच शिकवतोय."

"मला त्यातलं काही कळत नाही, सर. मला फक्त ते वाक्य खटकलं."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी हातातलं बाड पुढे केलं. पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिका, त्यांच्याच मुंगीच्या पायांच्या अक्षरात. "हे तुमच्याकडेच राहील. पण एक करा. टाईप करायच्या आधी सगळं वाचा. जिथे खटकेल तिथे मला बोलवा, मी येईन."

माझ्या हातावर भरवसा ठेवणारे आजवर पुष्कळ भेटले. 'कळलं नाही तरी चालेल, आहे तसं उतरवा' असंच प्रत्येकाने सांगितलं, आणि तेही मी मोठ्या दिमाखात ऐकून घेतलं. वाचा, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी ते बाड घेऊन टेबलावर नीट ठेवलं.

"वाचते," मी म्हणाले. "पण अक्षर जरा सुधारा."

ते हसत गेले. मी कीबोर्ड बाजूला सारला, चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.