तुझी बस अजून आलेली नाही

बर्फ पडला की पिट्सबर्गमधली माणसं फावड्यानं गाडीपुरती जागा मोकळी करतात आणि गाडी घेऊन कामाला गेली की त्या जागेवर स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडे रुमालावरून भांडणं होतात आणि इथल्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. व्हेरोनिका सोबचाकनं गाडी कधीच विकून टाकली होती, दोन वर्षांपूर्वी नवरा टेड गेला त्याच उन्हाळ्यात. तिला गाडी चालवताही येत नव्हती. तरी बर्फ पडला की ती धापा टाकत जागा साफ करायची आणि टेडची पिवळी खुर्ची तिथं मांडायची. समोरचे लोक आपल्या गाड्या पार चढावर नेऊन लावायचे, पण चकार शब्द काढायचे नाहीत. एखाद्यानं भांडण काढलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

टेडनं पस्तीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसला आणि महिन्याभरात बायकोच्या डोक्यावर मिरे वाटायला लागला, तेव्हा तिनंच त्याला आपल्या कामावर नेलं. ती काय काम करते हे गल्लीत कोणालाच धड कळलेलं नव्हतं. शेजारणीला वाटायचं, शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. विद्यापीठाच्या एका तळघरात पाचसहा माणसं मिळून कॉम्प्युटरमधला बीजगणिताचा मास्तर घडवत होती. शिकवणं ही देवाची देणगी, हे त्यांना मान्य नव्हतं. पूल बांधणारा जसा भार टाकून बघतो तसा धडाही भार टाकून बघायचा, टिकला तर ठेवायचा, नाही तर पाडून पुन्हा बांधायचा. ही माणसं स्वतःला शिक्षणाचे इंजिनियर म्हणवायची. असं काही खातं तेव्हा नव्हतं, त्यामुळे दारावरची पाटीही दुसऱ्याच विभागाची होती.

मूल अडलं की पडद्यावरचं हिंटचं बटण दाबायचं. त्या हिंट टेडनं लिहिल्या, चारशेच्या वर, आणि अगदी तो बोलायचा तशा. ‘घाई करू नकोस, तुझी बस अजून आलेली नाही. आधी सांग, दर तासाला काय वाढतंय?’ किंवा, ‘चुकलास? मीही इथंच चुकायचो, आणि मला त्याचा पगार मिळायचा.’ शेवटच्या काही तर त्यानं दवाखान्यात, छातीवर पाटी ठेवून लिहिल्या. टेडनं तिला आयुष्यात कधी पत्र लिहिलं नव्हतं. त्याचा आवाज कुठे उरला असेल तर तो या हिंटमध्ये होता, आणि तो ऐकण्यासाठी ती रोज दुपारी डबा खाताना येत असलेल्या गणितांतही मुद्दाम अडून बसायची.

फेब्रुवारीत एलियट तिच्या टेबलाशी आला. वयानं तिच्या मुलासारखा, पण गटाचा प्रमुख तो.

“व्हेरोनिका, एक बोलायचंय. चिडणार नाही ना?”

“तू असं विचारलंस म्हणजे चिडायचंच काहीतरी आणलंयस.”

“अर्ध्या वर्गांना टेडच्या हिंट दिल्या होत्या, अर्ध्यांना लहान, ‘दर शोधा’ अशा. टेडचे वर्ग मागे पडतायत. मुलं बटण दुप्पट वेळा दाबतात. बटण दाबलं म्हणजे गणित येत नाही असं धरायचं, हा आपलाच नियम.”

“मग?”

“शुक्रवारी ठरवू. पण मला वाटतं, त्या काढाव्या लागतील.”

ती चिडली नाही. टेडला एकदा मातीत ठेवून झालं होतं; आता पुन्हा, आणि तेही मतं घेऊन.

दोन दिवस ती नोंदी वाचत बसली. कॉम्प्युटर प्रत्येक मुलाची प्रत्येक टिचकी सेकंदासकट लिहून ठेवतो. नाव नाही, फक्त क्रमांक. सगळ्यात जास्त वेळा बटण दाबणारा होता विद्यार्थी क्रमांक एकतीस. एलियटच्या यादीत त्याच्यापुढे लाल खूण होती. व्हेरोनिकानं सेकंद नीट पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एकतीस आधी बरोबर उत्तर लिहीत होता आणि मग हिंट उघडत होता. एकेका हिंटवर तीस-तीस सेकंद थांबत होता.

ती एकतीसच्या शाळेत गेली. इंजिनियरांचा एक कडक नेम होता: वर्गात मागच्या भिंतीशी बसायचं आणि मुलांशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललात तर शिकवणं तुमचं की यंत्राचं, ते कसं कळणार? ती भिंतीला चिकटून बसली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून कळलं, क्रमांक एकतीस ही एक मुलगी होती, दनीशा नावाची, खिडकीशी एकटीच बसणारी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं गणित झटक्यात सोडवलं आणि बटण दाबलं.

वर्गाचे मास्तर डिमार्को मागून म्हणाले, “अगं, उत्तर आलंय की! आता कशाला दाबतेस?”

“म्हातारबुवा काय म्हणतात ते बघतेय, सर.”

“कोण म्हातारबुवा?”

“हेच. आतले.” तिनं पडद्याकडे बोट केलं. “तुम्ही विचारता झालं का. हे विचारतात बस आली का.”

व्हेरोनिकानं ओठ घट्ट मिटून घेतले. नेम तिनंच घालून दिला होता.

शुक्रवारी ती नवीन मोजणी घेऊन गेली. उत्तरानंतर दाबलेलं बटण अडण्यात धरायचं नाही. एलियटनं आकडे दोनदा तपासले आणि मोकळेपणानं म्हणाला, “चूक माझी. टेडचे वर्ग मागे नाहीत.”

“पुढे आहेत?” तिनं विचारलं.

“नाही. दोन्ही सारखे. फक्त टेडच्या हिंट वाचायला आठवड्याला अकरा मिनिटं जास्त लागतात. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवू. टेडसाठी.”

हे तिला नको होतं. भिंतीवर टेडच्याच हातची चिठ्ठी अजून होती: ‘आवडलं म्हणून ठेवू नका. उपयोगी पडलं तर ठेवा.’ दुसऱ्यांचे लाडके धडे टेडनं याच चिठ्ठीखाली उभं राहून पाडले होते, तेव्हा ती हसली होती. अकरा मिनिटांत पोरं आणखी तीन गणितं करतील, हे तिला कळत होतं. काढा म्हणणाऱ्यांत पहिला हात तिनंच वर केला. मग चर्चच्या तळघरात जाऊन ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तिथं मिळणारं मासळीचं सँडविच घेतलं आणि कोट न काढता खाल्लं.

सोमवारी हिंट बदलल्या. मंगळवारी तिनं एकतीसची नोंद उघडली. उत्तर बरोबर. मग हिंट, दोन सेकंद. पुन्हा हिंट, एक सेकंद. पुन्हा. पुन्हा. मग साडेचार मिनिटं काहीच नाही. बुधवारी बटण एकदाही दाबलेलं नव्हतं, गुरुवारीही नाही. यादी अजून जुन्याच मोजणीवर चालत होती; तीत एकतीससमोरची लाल खूण जाऊन हिरवी आली होती, आणि शेरा होता, ‘आता मदतीची गरज नाही.’

तो शेरा व्हेरोनिका कितीतरी वेळ पाहत राहिली. टेड गेल्यावर गल्लीतल्या बायका महिनाभर जेवण आणून देत होत्या. एक दिवस ती रडली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही. तिच्याही नावापुढे कोणीतरी हिरवी खूण केली असणार.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा शाळेत गेली आणि मागच्या भिंतीशी बसली. दनीशानं गणित सोडवलं. तिचं बोट सवयीनं बटणापर्यंत गेलं आणि परत फिरलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

व्हेरोनिका उठली. डिमार्कोंनी भुवया उंचावल्या. नेम त्यांनाही माहीत होता. ती वर्ग ओलांडून गेली आणि दनीशाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. आजची नोंद बाद होणार होती. होऊ दे.

“घाई करू नकोस,” ती म्हणाली. “तुझी बस अजून आलेली नाही.”

दनीशानं मान वळवली. डोळे बारीक करून तिनं या पांढऱ्या केसांच्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“चाळीस वर्षं.”

“मग गेले कुठे ते? न सांगता?”

दोन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून. व्हेरोनिकानं हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.